पाहण्याचे व्रत

कोंबडी अंडे घालते, हे कोणालाही ठाऊक असते. पण एवढे मोठे अंडे कोंबडीच्या अंगातून बाहेर येते तरी कोठून, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. इंग्लंडमधील एका शेतवाडीवर पाहुणी म्हणून आलेल्या साडेचार वर्षांच्या मुलीला तो पडला. मोठ्या माणसांच्या उत्तरांनी तिचे समाधान होईना. तेव्हा एका कोंबडीच्या मागोमाग ती खुराड्यात शिरली; पण तिला पाहताच कोंबडी भेदरली आणि पंख फडफडवीत बाहेर पळाली. मुलीने त्यातून धडा घेतला. ती दुसऱ्या, रिकाम्या खुराड्यात गेली आणि पेंढ्याच्या आड अंग चोरून निश्चल बसून राहिली. तासामागून तास उलटले. इकडे घरात एकच धांदल उडाली. शोधाशोध झाली, पोलिसांकडे वर्दी गेली. अखेर अंगाला पेंढा चिकटलेली ती मुलगी धावत घराकडे आली. आईने तिच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला. ती रागे भरली नाही. तिने मुलीला जवळ बसवून घेतले आणि कोंबडीने अंडे कसे घातले, ती सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली.

या मुलीचे नाव जेन गुडॉल. तिचा जन्म १९३४ सालचा. खुराड्यात मिळालेला हा धडा पुढे आफ्रिकेतील एका अरण्यात तिला पुन्हा गिरवावा लागला, आणि त्यामुळे माणसाला स्वतःविषयीची एक जुनी समजूत बदलावी लागली.

दिसणे आणि पाहणे यांत मोठे अंतर आहे. डोळे उघडले की दिसते. पाहण्यासाठी मात्र मन स्थिर करावे लागते, धीर धरावा लागतो, आणि जे समोर असेल ते आपल्याला रुचो वा न रुचो, तसेच्या तसे पत्करावे लागते. विसाव्या शतकात काही माणसांनी आफ्रिकेच्या भूमीत असे पाहण्याचे व्रत घेतले. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो असा की, माणूस कोठून आला आणि तो माणूस कसा झाला? त्यांतील कोणी जमिनीतील हाडे पाहिली, तर कोणी अरण्यातील जिवंत वानर पाहिले.

या सर्वांना एकत्र गुंफणारा पुरुष म्हणजे लुई लीकी. त्यांचा जन्म १९०३ साली केनिया देशात, नैरोबीजवळच्या काबेटे या ठिकाणी झाला. आईवडील इंग्रज मिशनरी होते. पण मुलाचे सवंगडी किकुयू जमातीचे होते. किकुयू भाषा तो मातृभाषेइतक्या सहजतेने बोले. तेरा वर्षांच्या सुमारास अश्मयुगातील माणसांवरचे एक पुस्तक त्याच्या हाती पडले आणि त्याला जणू वेडच लागले. रस्त्याच्या कडेला, दरडीच्या मातीत जो जो धारदार दगड आढळे, तो तो लुई घरी आणू लागला. ते काळे, चकचकीत तुकडे पाहणाऱ्याला फुटक्या बाटलीच्या काचा वाटावेत असे होते. नैरोबीच्या संग्रहालयातील एका जाणत्या गृहस्थाने मात्र ते तपासले आणि त्यांतील काही खरोखरच प्राचीन माणसाची अवजारे आहेत, असा निर्वाळा दिला. त्या दिवशी लुईच्या आयुष्याची दिशा ठरली.

त्या काळी बहुतेक पंडितांचे मत असे होते की, मानवाचे मूळ आशिया खंडात असावे. जावा बेटात आणि चीनमध्ये आदिमानवाचे अवशेष सापडले होते. आफ्रिकेत शोध करणे म्हणजे वेळ दवडणे, असा उपदेश लुई लीकी यांना केंब्रिज विद्यापीठात ऐकावा लागला. त्यांनी तो ऐकला आणि ते आफ्रिकेतच परतले.

टांझानियाच्या उत्तर भागात, सेरेंगेटीच्या विस्तीर्ण माळाच्या कडेला ओल्डुवाई नावाची एक घळ आहे. लांबी सुमारे ४८ किलोमीटर, खोली सुमारे ९० मीटर. लाखो वर्षांपूर्वी येथे एक सरोवर होते. जवळच्या ज्वालामुखींची राख त्याच्या काठांवर थरावर थर साचत गेली आणि तिने जनावरांची हाडे व माणसाच्या पूर्वजांच्या खुणा आपल्या पोटात जपून ठेवल्या. पुढे पाण्याच्या प्रवाहाने ती भूमी कापली आणि एखाद्या ग्रंथाची पाने उलगडावीत तसे ते थर उघडे पडले.

१९३१ साली लुई लीकी प्रथम या घळीत उतरले. त्यांच्यासोबत हान्स रेक नावाचे जर्मन भूगर्भशास्त्रज्ञ होते. रेक १९१३ मध्येच येथे येऊन गेले होते आणि त्यांना एकही दगडी अवजार आढळले नव्हते. लीकी यांनी त्यांच्याशी दहा पौंडांची पैज लावली : चोवीस तासांच्या आत आपण येथे अवजार शोधून दाखवू. पैज लीकी यांनी सहज जिंकली. रेक यांची दृष्टी अधू होती असे नव्हे. युरोपात प्राचीन अवजारे गारगोटीसारख्या चकमकीच्या दगडाची असतात. तीच त्यांची नजर शोधीत होती. ओल्डुवाईच्या माणसांनी मात्र लाव्ह्याच्या काळ्या दगडांपासून अवजारे घडविली होती. जे डोळ्यांपुढे होते तेच दिसले नाही. कारण काय दिसले पाहिजे हे मनाने आधीच ठरवून टाकले होते.

पुढे या कामात मेरी निकोल ही चित्रकाराची मुलगी त्यांना येऊन मिळाली. तिचा जन्म १९१३ सालचा. शाळेत तिचे मन कधी रमले नाही. विद्यापीठाची पदवीही तिच्याजवळ नव्हती. परंतु तिचा हात रेखाटनात अतिशय कसलेला होता. दगडी अवजाराचा एकेक टवका ती अशा अचूकपणे रेखाटी की, चित्र पाहूनच त्याची घडण कळावी. ज्याला हुबेहूब चित्र काढायचे असते, त्याला आधी हुबेहूब पाहावे लागते. १९३६ साली लुई आणि मेरी यांचा विवाह झाला.

ओल्डुवाईतील काम कष्टाचे होते. पैसा नेहमीच अपुरा असे. त्यामुळे वर्षाकाठी काही आठवडेच तेथे राहता येई. पाण्याचे दुर्भिक्ष एवढे की, कधीकधी गेंडे लोळत असलेल्या डबक्यातील पाण्यावर भागवावे लागे. डोक्यावर ऊन, गुडघ्यांखाली तापलेले खडे आणि हातात लहानसा कुंचला, अशा स्थितीत ते उतारावरून रांगत जात. अवजारे पुष्कळ मिळाली, जनावरांची हाडे मिळाली. पण ती अवजारे घडविणारा काही केल्या भेटेना. पहिल्या भेटीनंतर एक, दोन नव्हे, तब्बल अठ्ठावीस वर्षे अशी गेली.

१७ जुलै १९५९ या दिवशी लुई लीकी तापाने फणफणून छावणीत पडून होते. मेरीबाई आपले दोन ठिपक्याठिपक्यांचे कुत्रे घेऊन एकट्याच घळीकडे निघाल्या. उतारावर पाहता पाहता मातीतून डोकावणारे एक हाड त्यांना दिसले. त्यांनी वाकून हलकेच माती झाडली. वरच्या जबड्यात रुजलेले दोन मोठे दात उघडे झाले. ते माणसाच्या दातांसारखे होते! मेरीबाईंनी मोटार घेतली आणि त्या छावणीकडे धावल्या. ‘सापडला तो!’ एवढेच त्या सांगू शकल्या. लुई लीकी ताप विसरून अंथरुणातून उठले.

त्या कवटीचे सुमारे चारशे तुकडे झाले होते. उतारावरची माती चाळून चाळून ते वेचावे लागले आणि मेरीबाईंनी ते एकमेकांना जुळवून कवटी पुन्हा उभी केली. तिला ‘झिंजांथ्रोपस’ असे नाव देण्यात आले. ‘झिंज’ हे पूर्व आफ्रिकेचे जुने अरबी नाव आहे. ही कवटी सहा लाख वर्षांपूर्वीची असावी, असा लुई लीकी यांचा कयास होता. १९६१ साली तेथील ज्वालामुखीच्या राखेची शास्त्रीय परीक्षा झाली, तेव्हा ती तब्बल साडेसतरा लाख वर्षांची ठरली. आदिमानवाचा शोध घेणाऱ्या जगाचे डोळे आफ्रिकेकडे वळले.

पण खरी कसोटी यानंतरच होती. ओल्डुवाईची अवजारे घडविणारा तो हाच, असे लुई लीकी यांनी मोठ्या उत्साहाने जाहीर केले होते. पुढच्याच वर्षी त्याच परिसरात त्यांच्या जोनाथन या मुलाला आणखी काही हाडे सापडली. ती अधिक नाजूक होती, त्यांतील मेंदूची पोकळी अधिक मोठी होती आणि हाताची हाडे माणसाच्या हाताशी मिळतीजुळती होती. अवजारांचा कर्ता बहुधा हाच! १९६४ साली लुई लीकी व त्यांचे सहकारी यांनी त्याला ‘होमो हॅबिलिस’, म्हणजे हस्तकुशल मानव, असे नाव दिले. अठ्ठावीस वर्षे वाट पाहून जो भेटला, तो आपण समजत होतो तो नव्हे, हे लीकी यांनी स्वतःच मान्य केले. झिंजांथ्रोपस हा आपला थेट पूर्वज नसून मानवकुलाच्या वेगळ्या, पुढे लयाला गेलेल्या शाखेचा होता, असे आज मानले जाते. शोध लावण्यास धैर्य लागतेच. आपलाच शोध दुरुस्त करण्यास त्याहून अधिक लागते.

हाडे पुष्कळ काही सांगतात, पण सगळेच सांगत नाहीत. आपले पूर्वज कसे हिंडत, मुलांना कसे वाढवीत, एकमेकांशी कसे वागत, याविषयी ती मुकी असतात. माणूस आणि चिंपांझी यांचे पूर्वज काही दशलक्ष वर्षांपूर्वी एकच होते. माणूस चिंपांझीपासून झाला नाही. दोघे एकाच जुन्या घराण्याच्या दोन शाखा. तेव्हा आज जिवंत असलेल्या या भाऊबंदांचे जीवन बारकाईने पाहिले, तर त्या जुन्या घराण्याची काही कल्पना येईल, असा लुई लीकी यांचा विचार होता.

याच सुमारास, १९५७ साली, जेन गुडॉल केनियात आली. लहानपणापासून आफ्रिकेचे स्वप्न पाहणाऱ्या या मुलीने उपाहारगृहात वाढपिणीचे काम करून बोटीच्या भाड्याचे पैसे जमविले होते. लीकी यांनी तिला आपल्या कचेरीत नोकरी दिली, ओल्डुवाईला नेले आणि तिची चिकाटी पारखली. तिने विद्यापीठ पाहिले नव्हते, ही उणीव त्यांना गुणच वाटली. पुस्तकी मतांनी जिची नजर आधीच बांधली गेलेली नाही, अशी व्यक्ती त्यांना हवी होती.

१४ जुलै १९६० रोजी जेनबाई टांगानिका सरोवराच्या काठी, गोंबे येथील अरण्यात उतरल्या. तरुण मुलीला एकटीने तेथे राहू देण्यास सरकारी अधिकारी तयार नव्हते. म्हणून सोबतीला आई आली. खुराड्यातील हकीकत ऐकून घेणारी तीच ही आई. मुलगी डोंगर चढून जाई, तेव्हा आई तंबूपाशी बसून कोळ्यांना औषधपाणी करी. दोघींनाही हिवतापाने गाठले. आणि चिंपांझी? गोऱ्या कातडीचा हा विचित्र प्राणी दुरून दिसला तरी ते पळत सुटत. हाती असलेला पैसा अवघ्या सहा महिन्यांपुरता होता. दिवस भराभर सरत होते आणि वहीची पाने कोरीच राहत होती.

मग खुराड्यातला धडा कामी आला. पाठलाग केला तर कोंबडीही पळते. जेनबाई रोज पहाटे एका उंच टेकाडावर जाऊन दुर्बीण घेऊन बसू लागल्या. कपडे रोज त्याच मळकट रंगाचे, जागा तीच, वागणे तेच. चिंपांझींना त्यांची हळूहळू सवय झाली. हनुवटीवर पांढरे केस असलेल्या एका नराने सर्वांआधी भीती टाकली. त्याचे नाव त्यांनी ठेवले डेव्हिड ग्रेबियर्ड. ‘ग्रेबियर्ड’ म्हणजे पिकल्या दाढीचा.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबर महिन्यात हा डेव्हिड वाळवीच्या वारुळापाशी बसलेला त्यांना दिसला. तो गवताची लांब काडी वारुळाच्या भोकात घाली, क्षणभर थांबे, अलगद बाहेर काढी आणि तिला चिकटून आलेली वाळवी ओठांनी टिपून खाई. काडी वाकली की नवी घेई. पुढे तर पानांची डहाळी खुडून, तिची पाने ओरबाडून काठी तयार करतानाही चिंपांझी दिसले. म्हणजे ते अवजार नुसते वापरीत नव्हते, तर बनवीत होते! अवजारे बनविणारा प्राणी म्हणजे माणूस, अशी व्याख्या त्या काळी सर्वमान्य होती. ज्या ओल्डुवाईच्या अवजारांसाठी लीकी दांपत्याने उमेद खर्ची घातली होती, त्यांचे मोल याच व्याख्येवर ठरत होते. तरीही जेनबाईंची तार मिळताच लुई लीकी हर्षभरित झाले. आता अवजार आणि माणूस या शब्दांचे अर्थ तरी बदलले पाहिजेत, नाहीतर चिंपांझींना माणसांत घेतले पाहिजे, अशा आशयाचे उत्तर त्यांनी धाडले.

पुढे जेनबाई केंब्रिज विद्यापीठात गेल्या, तेव्हा तेथील काही पंडितांनी नापसंती दर्शविली. प्राण्यांना नावे कसली देता? क्रमांक द्यावेत. त्यांना स्वभाव असतो, मन असते, असे शास्त्रात लिहू नये. जेनबाईंनी वाद वाढविला नाही. पण नावेही बदलली नाहीत. प्राण्याला मन असते, हे लहानपणी आपल्या कुत्र्यानेच आपल्याला शिकविले आहे, असे त्या म्हणत. पहिली पदवी नसतानाही त्या विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली.

नावे दिली, म्हणूनच कदाचित त्यांना पुढील गोष्टी दिसल्या. फ्लो नावाची एक म्हातारी चिंपांझी १९७२ साली मरण पावली. तिचा साडेआठ वर्षांचा फ्लिंट आईच्या मरणाने खचला. त्याने खाणेपिणे टाकले आणि महिनाभराच्या आत तोही गेला. १९७४ पासून पुढची चार वर्षे याच चिंपांझींच्या एका टोळीने शेजारच्या टोळीतील नर एकामागून एक ठार मारले. ज्यांच्यावर जीव लावला त्यांचे हे क्रौर्य पाहून जेनबाईंना अतिशय दुःख झाले. पण त्यांनी ते वहीत नोंदविले आणि जगापुढे मांडले. माया आणि क्रौर्य, दोन्हींची मुळे फार जुनी आहेत, हे त्यातून कळले.

लुई लीकी यांच्याच प्रेरणेने डायन फॉसी या अमेरिकन स्त्रीने १९६७ साली रुआंडाच्या धुक्याने वेढलेल्या डोंगरात पर्वती गोरिलांचा अभ्यास आरंभिला. गोरिलांचा विश्वास बसावा म्हणून त्या त्यांच्यासारख्या हातापायांवर चालत, त्यांच्यासारखा पाला चघळीत. त्यांचा लाडका गोरिला डिजिट याला शिकाऱ्यांनी १९७७ च्या अखेरीस मारले. शिकाऱ्यांशी त्यांनी उभा दावा मांडला. डिसेंबर १९८५ मध्ये डोंगरातील त्यांच्या झोपडीतच त्यांचा खून झाला. त्या काळी फारच घटलेली पर्वती गोरिलांची संख्या आज हजाराच्या वर गेली आहे. एका जातीचा निर्वंश टळला, त्यामागे या बलिदानाचाही वाटा आहे.

अशा कामात ज्यांची नावे मागे राहतात, त्यांनाही विसरून चालणार नाही. केनियातील कामोया किमेयू यांचे शालेय शिक्षण अगदी थोडे झाले होते. १९६० साली ते लीकी यांच्याकडे ओल्डुवाईला खणण्याच्या कामावर आले आणि पाहता पाहता हाडे शोधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी उरला नाही. ऑगस्ट १९८४ मध्ये तुर्काना सरोवराच्या पश्चिमेस छावणीला सुट्टीचा दिवस होता. इतर माणसे विसावा घेत होती. कामोया सहज फेरफटका मारायला गेले. काळ्या खड्यांच्या राशीत त्यांना खड्यांच्याच रंगाचा हाडाचा एक लहानसा तुकडा दिसला. तो कपाळाच्या हाडाचा होता. तेथे खणत गेल्यावर पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या एका मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा मिळाला. मरणसमयी त्याचे वय आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान असावे. म्हणजे आज शाळेच्या बाकावर बसणाऱ्या मुलांएवढेच. पुढच्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते कामोया यांना पदक मिळाले. सुट्टीच्या दिवशीही ज्याचे डोळे उघडे होते, त्याचा तो गौरव होता. २०२२ साली त्यांचे निधन झाले.

लुई लीकी १ ऑक्टोबर १९७२ रोजी निवर्तले. मेरीबाईंनी काम थांबविले नाही. ओल्डुवाईच्या दक्षिणेस लाएटोली येथे १९७८ साली त्यांच्या तुकडीला कडक झालेल्या राखेवर उमटलेली पावले सापडली. ती छत्तीस लाख वर्षांपूर्वीची होती. पावसाने भिजलेल्या राखेवरून काही जीव दोन पायांवर सरळ उभे राहून चालत गेले होते. मोठी पावले, आणि त्यांच्या शेजारून लहान पावले. दगडी अवजार तोपर्यंत ओल्डुवाईत जन्मले नव्हते, मेंदूही वाढला नव्हता. पण चाल मात्र माणसाची होती. हात मोकळे झाले होते. एका ठिकाणी एक जीव क्षणभर थबकून बाजूला वळला असावा, असे मेरीबाईंना त्या ठशांवरून वाटले. तो काय पाहत होता, ते आता कोणाला कळणार? १९९६ साली मेरीबाईही गेल्या.

जेनबाईंनी मात्र फार मोठे आयुष्य पाहिले. अरण्ये झपाट्याने तुटत आहेत, हे ध्यानी आल्यावर त्यांनी आपले लाडके गोंबे सोडले आणि त्या गावोगाव, देशोदेशी हिंडू लागल्या. १९९१ साली टांझानियात बारा विद्यार्थ्यांना घेऊन त्यांनी मुलांची एक चळवळ सुरू केली. ती पुढे अनेक देशांत पसरली. व्याख्यानांच्या दौऱ्यावर असतानाच १ ऑक्टोबर २०२५ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, त्यांनी जगाचा निरोप घेतला. लुई लीकी यांच्या मृत्यूला त्याच दिवशी ५३ वर्षे पूर्ण झाली होती.

या माणसांजवळ सुरुवातीला फारसे काही नव्हते. एक कुंचला, एक दुर्बीण, एक वही. आणि कधीकधी तर पदवीही नव्हती. होती ती केवळ थांबण्याची तयारी आणि दिसले ते मान्य करण्याचा प्रामाणिकपणा. दगडाच्या राशीत हाड ओळखणारी नजर काय किंवा पानांच्या आड चिंपांझीची हालचाल टिपणारी नजर काय, ती कोणालाही जन्मतः मिळत नाही. रोज थोडे थोडे पाहून ती कमवावी लागते. त्या सवयीचा आरंभ घराच्या अंगणातही होऊ शकतो. मुंग्यांची रांग असते, कोळ्याचे जाळे असते, पावसाळ्यात भिंतीवर उगवलेले शेवाळ असते. प्रश्न पडलेल्या मुलाने निश्चल बसून तेथे थोडा वेळ पाहावे. आणि ते मूल अंगाला पेंढा लागलेल्या स्थितीत धावत घरी आले, तर घरच्या मोठ्या माणसांनी हातातले काम बाजूला ठेवून त्याची हकीकत शेवटपर्यंत ऐकून घ्यावी.